यात्रा अष्टमीचीच राहू द्या

(माहेरच्या यात्रा कमिटीला आणि मुंबई-पुणे रहिवासी मंडळाला खुलं पत्र)

अध्यक्ष व सर्व सभासद, यात्रा कमिटी,
अध्यक्ष व सर्व सभासद, मुंबई-पुणे रहिवासी मंडळ,
यांस गावच्या लेकीचा सप्रेम नमस्कार.

आपल्या भैरवनाथाची यात्रा 2027 पासून चैत्र वद्य अष्टमीला न भरता दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरेल, असं पत्रक आपण काढलंत. पुतण्याने ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. कारण एका ओळीत दिलंय : 'नोकरदार बांधवांच्या सोयीसाठी.' त्याखाली कमिटीचा आणि मंडळाचा, असे दोन शिक्के.

मला हा निर्णय मान्य नाही. माझं गावात मतदान नाही, कमिटीत एकही बाई नाही आणि नांदायला गेलेल्या लेकींना असल्या बाबतीत विचारायची रीत नाही. म्हणून चारचौघांत वाचलं जाईल असं पत्र लिहायची वेळ आली. गावाचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. तुम्ही सगळे माझे भाऊ, चुलते, पुतणे. तुमची नावं चव्हाट्यावर आणायची माझी इच्छा नाही. शिवाय हे आता एका गावापुरतं राहिलेलं नाही. साताऱ्यापासून जुन्नरापर्यंत जिथे जिथे यात्रा शनिवार-रविवारी न्यायची बोलणी चालली असतील, त्या गावांनी हे पत्र आपल्याच नावचं समजावं.

आधी माझं स्वतःचं सांगते, कारण रागाची सुरुवात तिथूनच झाली.

माझं सासर नदीपलीकडे. नाथाची दीपमाळ पेटली की आमच्या माडीवरून दिसते, इतकं जवळ. माहेरची यात्रा अष्टमीला, सासरची त्रयोदशीला. सप्तमीला भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला यायचा, मी पोरांना घेऊन माहेरी जायचे. अष्टमीला पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री छबिना म्हणजे पालखीची मिरवणूक, नवमीला खारा म्हणजे मटणाचा नैवेद्य आणि दुपारनंतर कुस्त्या. दशमीला मी परत, आणि त्रयोदशीला तेच भाऊ, त्याच भावजया आमच्या अंगणात पाहुणे. आमच्याकडे सासूबाई पुरण शिजवायला घालायच्या ते माहेरची माणसं किती येणार हे विचारूनच. माझ्या दोघी बहिणी आणखी दोन गावांत दिलेल्या. त्यांच्या यात्रा पौर्णिमेला आणि अक्षय्य तृतीयेला. म्हणजे चैत्र पौर्णिमेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आम्ही चारही भावंडं चार वेळा एका पंगतीला बसायचो. लग्नाकार्यात भेट होते ती धावपळीत, दुःखात भेटतो ते डोळे पुसत. निवांत बसून एकमेकांच्या पोरांच्या चौकशा व्हायच्या त्या यात्रेतच.

सासरच्या गावाने दोन वर्षांपूर्वी यात्रा एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी नेली. तेव्हाही मी बोलले होते, पण तिथे मी सून. आता माहेराने तोच शनिवार धरला. थोरलीचं गावही त्याच विचारात आहे असं ऐकते. म्हणजे पुढच्या वर्षी त्या रात्री मी सासरी चुलीपुढे, थोरली तिच्या घरी, भाऊ माहेरी. प्रत्येक घरात स्वयंपाक पन्नास माणसांचा आणि खायला घरचीच माणसं. पाहुणा नसलेली यात्रा ही यात्रा होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? दहा गावांनी एकच दिवस धरला तर सगळे यजमान होतील आणि पाहुणा कोणीच उरणार नाही. मुंबईहून येणाऱ्या भावाची सोय झाली. पलीकडच्या काठावरून चालत येणाऱ्या बहिणीची वाट बंद झाली. पत्रक काढताना 'नोकरदार बांधव' आठवले, पण गावच्या लेकी कुणाच्याच ध्यानात आल्या नाहीत, हे मला लागलंय.

आता देवाचं.

आपल्याकडे चैत्री पौर्णिमेला नाथाला हळद लागते. त्या दिवसापासून गुरवाच्या घरचा एक जण धरणं धरून देवळातच मुक्कामाला असतो, आणि पुढचे आठ दिवस गावात कुणी पलंगावर झोपत नाही. अष्टमीला संध्याकाळी जोगेश्वरीचा रुखवत निघतो, मध्यरात्री लगीन. लहानपणी आम्हाला सांगायचे, डोंगराच्या खांद्यावर चंद्र दिसला की अक्षता टाकायच्या. मी भूगोल शिकवते, त्यामुळे हे नुसतं सांगण्यापुरतं नव्हतं हे मला पुढे कळलं. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र उगवतो तोच मुळी मध्यरात्रीच्या सुमाराला. ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, आभाळ होतं. देवळापुढच्या पटांगणात सगळ्यांनी हातात तांदूळ घेऊन पूर्वेकडे बघत उभं राहायचं, हलगी थांबलेली, आणि डोंगराच्या कडेला उजेड फुटला की एकदम 'नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं'. हे ज्याने एकदा बघितलं तो विसरत नाही. तुम्हीही विसरला नसाल.

एप्रिलचा दुसरा शनिवार धरला तर काय होईल, याचा हिशेब कमिटीत कुणी केला का? चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं. मधली अकरा दिवसांची तूट साचत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून ती भरून काढतात. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे त्यापुढचे सगळे सण लांबले. 2027 चा गुढीपाडवा 7 एप्रिलला आहे, चैत्र पौर्णिमा 20 एप्रिलला, आणि आपली अष्टमी त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. तुमचा दुसरा शनिवार मात्र 10 एप्रिल. म्हणजे गुढी उतरून जेमतेम तीन दिवस झालेले, पौर्णिमा अजून दहा दिवस लांब. देवाला हळद लागायच्या आधीच लगीन लावणार आहात. शुद्ध पक्षातला चवथीचा चंद्र त्या रात्री मध्यरात्रीच्या आतच मावळून गेलेला असेल, मग अक्षता कशावर टाकणार, मंडपातल्या हॅलोजनवर? का हळदही पंधरा दिवस अलीकडे ओढणार? मग पाडव्याआधी फाल्गुनातच देवाला हळद लावावी लागेल. एक दिवस हलवला की त्याच्यामागे बांधलेलं सगळं हलतं, आणि शेवटी उरतो तो नुसता मंडप आणि लाऊडस्पीकर.

मंडळातले काही जण फोनवर म्हणाले, 'ताई, विधी अष्टमीला पाच माणसांत करून घेऊ, यात्रा शनिवारी करू.' मला हे जास्त खटकतं. गुरव, पुजारी आणि दोन म्हातारे मिळून देवाचं लगीन लावणार आणि गाव दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी जेवायला येणार? वऱ्हाड नसलेलं लगीन आपण आपल्या पोरीचं लावलं असतं का?

तिसरी तक्रार माझी नाही, पण ती सगळ्यात मोठी आहे. जे लोक ती मांडतील ते कुठल्याच गावच्या कमिटीत नसतात, म्हणून मी मांडते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील यात्रेत खेळण्यांचं दुकान लावणारे. मार्च संपला की त्याची हजेरी कमी व्हायची, म्हणून मी घरी गेले होते. घर म्हणजे एक खोली आणि बाहेर ताडपत्रीखाली बांधलेली पोती. भिंतीवर कालनिर्णय. एप्रिलच्या पानावर जवळजवळ प्रत्येक चौकोनात बॉलपेनने गावाचं नाव लिहिलेलं. पौर्णिमेला एक, प्रतिपदेला त्याच्याच पुढचं, पंचमीला घाट चढून, अष्टमीला आपलं, नवमीला शेजारचं, त्रयोदशीला माझं सासर, अमावस्येला नदीकाठचं. टेम्पो एका गावातून दुसऱ्या गावाला असा जायचा की डिझेल कमीत कमी जळावं. तो कागद बघितला तेव्हा मला या यात्रांचा नकाशा पहिल्यांदा नीट दिसला. आजूबाजूच्या गावांच्या तिथी एकमेकींना सोडून आहेत, म्हणून तोच पाळणेवाला, तोच मेवामिठाईवाला, तीच कासारीण, तोच गारीगारवाला पंधरवडाभर फिरून सगळ्या गावांना पुरतो. आता तेच पान डोळ्यांपुढे आणा आणि यात्रा शनिवार-रविवारी न्या. दोन चौकोनांत पाच-पाच गावं, बाकीचे पाच चौकोन कोरे. पाच गावांपैकी तो एकाच ठिकाणी जाऊ शकतो. उरलेल्या चार गावांत पोरांना भोंगा मिळणार नाही, आणि त्याला सोमवार ते शुक्रवार कमाई मिळणार नाही.

तमाशाच्या फडांचं तर आणखी अवघड. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपारी देतात, हे तुम्ही दर वर्षी स्वतः करता. आपल्या गावाने तमाशा कधी चुकवला नाही, याचा मला अभिमान आहे. वडील रात्रीच्या खेळापेक्षा सकाळच्या हजेरीला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या गाण्याच्या खेळाला, आवर्जून जायचे, कलाकाराची खरी पारख हजेरीत होते म्हणायचे. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात : गाणाऱ्या-नाचणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, झीलकरी, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर. हंगाम दसऱ्यापासून असला तरी खरा पैसा चैत्र-वैशाखाचा. पाडवा ते बुद्धपौर्णिमा म्हणजे पंचेचाळीस रात्री. सगळ्या गावांनी शनिवार-रविवार धरला तर त्यातल्या बारा-चौदा उरतात. कलावंतांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र सबंध हंगामाची आधीच दिलेली असते, आणि ती फेडायची कशातून? 2020 साली टाळेबंदी लागली ती नेमकी पाडव्याच्या दिवशी, 25 मार्चला. तो हंगाम बुडाला, त्याच्या पुढचाही बुडाला. फड कर्जात गेले, पण रोगराईपुढे कुणाचं काही चालत नव्हतं. आता जे होऊ घातलंय ते आपण आपल्या हाताने, सोयीसाठी करतोय.

मैदानाचंही तसंच. नारळावरच्या आणि शे-पाचशेच्या कुस्त्या करणारी पोरं नवमीला आपल्याकडे, दशमीला पुढच्या गावी, असं करत खुराकाचे पैसे जमवतात. शेवटची मोठी कुस्ती लावायला पैसे टाकून कुणीही पैलवान आणेल. पण ज्याच्या घरी दूध-बदामाला पैसे नाहीत त्याचा हंगाम या तिथींवर चालतो. हलगी-घुमकंवाल्यांना मी विचारलं. ते म्हणाले, एकाच दिवशी चार गावांची बोलावणी येतात, एक घेतो, तिघांकडे डीजे लागतो, आणि एकदा डीजे लागला की पुढच्या वर्षी त्या गावाचं बोलावणं येत नाही. आपल्याकडच्या छबिन्यापुढे कितीतरी पिढ्या एकाच घरातली हलगी वाजते. तिची जागा घालवायची असेल तर निदान उघड ठरवून घालवा, शनिवारच्या गर्दीत नकळत नको.

आता तुमच्या बाजूचं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. कंपनीत रजा मिळत नाही. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्येच असतात. एक दिवसासाठी मुंबईहून यायचं, रात्री जागायचं, सकाळची गाडी पकडून पुन्हा कामावर, हे पन्नाशीच्या माणसाला झेपत नाही. देवळाचा सभामंडप, कळस, पाण्याची टाकी, सगळ्याला मंडळानेच हात दिला. हे गाव विसरलेलं नाही, मीही विसरलेली नाही. पण वर्गणी मोठी म्हणून मत जड, असं देवाच्या दारात नसावं. आणि ज्यांच्या घराला कुलूप नाही, जे वर्षभर देवळात दिवा लावतात, ज्यांच्या म्हशीला आणि उसाच्या पाळीला रविवार ठाऊक नाही, त्यांना या बैठकीत किती बोलू दिलं? माझ्या माहितीप्रमाणे बैठक गावात झालीच नाही, पुण्यात झाली.

शिवाय रजेचं म्हणाल, तर गणपतीला मिळते ना? गणपती बुधवारी आला म्हणून कुणी शनिवारी बसवत नाही. आषाढी मंगळवारी आली तरी वारी त्याच दिवशी पोचते. मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची यात्रा असते. तिची तर तिथीही ठरलेली नाही. देवीचा कौल मिळाला की तारीख कळते, ती दर वर्षी वेगळी. तरी मुंबईहून माणसं लोटतात आणि त्यांच्यासाठी रेल्वे जादा गाड्या सोडते. तारीख देवीने ठरवावी आणि रजेचं आपण बघावं, असं कोकणातल्या माणसाने ठरवून टाकलंय. आपल्याला तर अष्टमी कधी येणार हे पंचांगात कितीतरी वर्षं आधी कळतं. चीनमध्ये चांद्र नववर्षाला कोट्यवधी कामगार शहरं सोडून गावी जातात. तो दिवस दर वर्षी 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान फिरत असतो, आणि त्या दिवसांत कारखाने बंद राहतात. ईस्टरचा रविवार पौर्णिमेवरून ठरतो आणि महिनाभर मागेपुढे होतो. युरोपातल्या शाळा-कचेऱ्या निमूटपणे आपली सुट्टी त्याच्याशी जुळवून घेतात. सण कामाप्रमाणे वाकलाच पाहिजे, असा काही जगाचा नियम नाही.

जिथे वाकवून बघितलं तिथे काय झालं, तेही सांगते.

जपानातल्या क्योतो शहरात गिओन मात्सुरी नावाची मोठी यात्रा जुलै महिन्यात भरते. आपल्या रथांसारखे उंच, सजवलेले रथ माणसं ओढतात. तिथे दोन मिरवणुका होत्या : 17 जुलैची, त्या संध्याकाळी देव पालखीत बसून देवळाबाहेर पडतो म्हणून, आणि 24 जुलैची, देव परत जातो म्हणून. वाहतुकीला अडथळा होतो, बघायला येणाऱ्यांना एकच दिवस सोयीचा, म्हणून 1966 साली दुसरी मिरवणूक पहिलीत मिसळून टाकली. गर्दी जमत राहिली, पैसाही येत राहिला. पण देव परत जाताना त्याच्यापुढे रथ नसायचे. ज्या गल्ल्यांचे ते रथ होते त्या लोकांच्या हे मनातून गेलं नाही. शेवटी 2014 साली त्यांनी 24 जुलैची मिरवणूक परत सुरू केली. 1864 च्या आगीत गेलेला नावेच्या आकाराचा एक मोठा रथही नव्याने बांधून त्याच वर्षी मिरवणुकीत आणला. एवढं मोठं शहर, एवढी वाहतूक, तरी जुनी तारीख परत आणली. ती आणायला मधे जवळपास पन्नास वर्षं जावी लागली. एवढा काळ आपल्याकडे नाही. अष्टमीचं सगळं काम अंगवळणी पडलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत.

अमेरिकेने 1968 साली कायदा करून काही राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी नेल्या, सलग तीन दिवस मिळावेत म्हणून. 1971 पासून तो लागू झाला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मदिवस 22 फेब्रुवारी. त्याची सुट्टी तिसऱ्या सोमवारी ठेवली. तिसरा सोमवार 15 ते 21 तारखेच्या दरम्यानच येतो, त्यामुळे ती सुट्टी त्याच्या खऱ्या जन्मदिवशी कधीच पडत नाही. ते लोकांनी चालवून घेतलं. पण पहिलं महायुद्ध 11 नोव्हेंबरला थांबलं म्हणून सैनिकांच्या मानाचा जो दिवस होता, तोही ऑक्टोबरातल्या सोमवारी नेला, तेव्हा राज्यं ऐकेनात. माजी सैनिक ऐकेनात. 1975 मध्ये कायदा बदलावा लागला आणि 1978 पासून तो दिवस परत 11 नोव्हेंबरला आला, आठवड्याचा वार कोणताही असो. ज्या दिवशी काही घडलेलं असतं, तो उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, हे इतक्या व्यवहारी देशालाही मान्य करावं लागलं.

तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांचा दाखला मला कुणीतरी दिला, की परदेशातली महाराष्ट्र मंडळं गणपती शनिवार-रविवारी बसवतातच ना. बसवतात, कारण त्यांना सुट्टी नाही, हॉल भाड्याने घ्यायचा असतो, माणसं शंभर मैलांवरून येतात. पण घरचा गणपती त्यांच्यातले बहुतेक जण चतुर्थीलाच बसवतात. तिकडे देव त्यांच्याबरोबर परमुलखात गेलाय. आपला नाथ मात्र आपल्या डोंगराखाली, आपल्या गावात आहे. त्याला इथे परक्यासारखी तडजोड करायची काय गरज?

नुसतं 'नको' म्हणून मी पत्र संपवणार नाही. माझ्या मागण्या लिहिते.

शनिवार-रविवारचा निर्णय स्थगित करा आणि 2027 ची यात्रा अष्टमीलाच जाहीर करा. हळद, रुखवत, लगीन, छबिना, खारा नैवेद्य आणि कुस्त्या, हे सगळं अष्टमी-नवमीला, एकत्र. त्याचे तुकडे करू नका.

पुढच्या पाच वर्षांच्या अष्टमीच्या इंग्रजी तारखा पंचांगावरून काढून देवळाच्या भिंतीवर रंगवा आणि मंडळाच्या ग्रुपवर टाका. मंडळातल्या कितीतरी जणांचं गाऱ्हाणं असं की तारीख दीड महिना आधी कळते, तोवर रजा दुसऱ्याने घेतलेली असते. हे गाऱ्हाणं रास्त आहे आणि ते एका डबा रंगात मिटतं. तारखा काढायचं काम मी करून देते.

शाळेसाठी मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी विनंती करा. त्यांच्या अधिकारातली सुट्टी आजवर नवमीला मिळत आलेली आहे, परीक्षेचा पेपर त्या दिवशी येऊ नये एवढं वर्षाच्या सुरुवातीला कळवलं की बघता येतं. शेजारच्या गावांच्या तिथी वेगळ्या असल्या तरी सबंध तालुक्यात बऱ्याच गावांची यात्रा अष्टमीला असते. सगळ्या कमिट्यांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे स्थानिक सुट्टीची मागणी करावी. सुट्टीचा दिवस यात्रेकडे आणायचा प्रयत्न एकदाही न करता आपण यात्राच सुट्टीकडे ओढली, हे मला अजून समजत नाही.

मंडळाला शनिवार-रविवारी गावात जमायचं असेल तर जरूर जमावं. मे महिन्यात स्नेहमेळावा ठेवा, शाळेतल्या पोरांचा सत्कार ठेवा, क्रिकेटच्या मॅचेस ठेवा, दोन दिवसांचं जेवण आम्ही लेकी मिळून रांधू. त्याला यात्रा म्हणू नका, एवढंच.

शिवेला लागलेल्या गावांच्या कमिट्यांना एकत्र बसवा. कुणाची यात्रा कोणत्या तिथीला, याची यादी कुणाकडेच लिहून ठेवलेली नाही. आजवर ती फिरस्त्यांच्या डोक्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात राहिली. ती लिहून काढा. माझ्या सासरच्या गावालाही त्या बैठकीला बोलवा. तिथे त्रयोदशी परत आणायचा विषय मी मांडणार आहे.

आणि शेवटचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. यात्रा कमिटीला तो कायदा लागू नसेल, पण रीत लावायला कुणाची मनाई नाही. कमिटीत गावातल्या बायका घ्या. गुरवाच्या घरचं माणूस, छबिन्याच्या हलगीवाल्यांच्या घरचं माणूस आणि लेकींच्या वतीने एक जण, इतक्यांना तरी बैठकीत बोलायची जागा द्या. यात्रेचा स्वयंपाक आम्ही करायचा, पाहुणचार आम्ही करायचा, ओट्या आम्ही भरायच्या, आणि यात्रा कधी भरायची हे मात्र पत्रकावरून कळायचं, हे इथून पुढे चालणार नाही.

या पत्राचं उत्तर मला व्हॉट्सअ‍ॅपवर नको. दसऱ्याला सोनं द्यायला सगळे देवळात जमतात, मंडळाचेही बरेच जण येतात. त्या दिवशी संध्याकाळी सभामंडपात बैठक लावा आणि हा विषय सगळ्यांसमोर घ्या. नारायणगावला सुपारी द्यायला जाण्याआधी तारीख नक्की व्हायला हवी, म्हणजे हातात पुरेसा वेळ राहतो. मी येणार आहे, माझ्या बहिणी येणार आहेत, आणि आपल्या गावच्या आणखी बऱ्याच लेकींनी येते म्हणून कळवलंय. बसायला सतरंज्या जास्त घाला.

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं.

आपली,
गावची एक लेक